कुलाब्याचं अफगाण चर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुलाब्यात फेरफटका मारायला येणाऱ्या मंडळींना मी हे चर्च दाखवते. पावसाळ्यानंतरच्या रविवारी दहा-बारा माणसं असतात, कधी शाळेची अख्खी तुकडी असते. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि उत्तरं द्यायला उभ्या उभ्या वेळ पुरत नाही. म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत.

याला अफगाण चर्च का म्हणतात? इथे अफगाण लोक यायचे का?

नाही. चर्चचं खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, म्हणजे शुभवर्तमानकार संत योहान यांचं मंदिर. १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधलं गेलं, म्हणून लोकांच्या तोंडी 'अफगाण चर्च' बसलं. टॅक्सीवाल्याला सेंट जॉन सांगितलंत तर तो विचारात पडेल. अफगाण चर्च म्हटलंत की थेट नेव्ही नगरच्या रस्त्याला लागेल.

ते युद्ध नेमकं कोणतं?

पहिलं इंग्रज-अफगाण युद्ध. रशिया मध्य आशियातून हिंदुस्थानकडे सरकेल या धास्तीने ईस्ट इंडिया कंपनीने काबूलच्या गादीवरून दोस्त महंमदला हटवून शाह शुजाला बसवायचं ठरवलं. दोन फौजा निघाल्या, एक बंगालची आणि एक मुंबईची. मुंबईची फौज सर जॉन कीन यांच्या हाताखाली १८३८च्या अखेरीस जहाजांनी सिंधू नदीच्या मुखाशी उतरली आणि सिंधमधून, बोलन खिंडीतून वर गेली. २३ जुलै १८३९ रोजी गझनीचा किल्ला पडला, ऑगस्टमध्ये काबूल हाती आलं. परतीच्या वाटेवर नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या तुकड्यांनी बलुचिस्तानातलं कलात घेतलं.

पुढचं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. काबूलमध्ये उठाव झाला आणि ६ जानेवारी १८४२ला इंग्रजांनी बर्फातून माघार सुरू केली. साडेचार हजारांच्या आसपास सैनिक होते आणि त्यांच्यामागे बारा हजारांच्या आसपास नोकरचाकर, बायका, मुलं. आठवड्याभरात त्या काफिल्याची वाताहत झाली. १३ जानेवारीला डॉक्टर विल्यम ब्रायडन थकलेल्या घोड्यावरून जलालाबादला पोचले, तेव्हा त्या तटावरच्या लोकांना काय घडलं ते कळलं.

चर्चवर १८४३ हे साल आहे, कारण त्याच वर्षी चार्ल्स नेपियरने मियानी आणि हैदराबादच्या लढायांनंतर सिंध गिळला. स्मारक दोन्ही मोहिमांचं मिळून आहे. १८८०ची अफगाणिस्तानातली मैवंदची लढाई मात्र त्यानंतरच्या, दुसऱ्या अफगाण युद्धातली. चर्च तेव्हा उभं राहून दोन दशकं उलटली होती.

म्हणजे काबूलच्या माघारीत मेलेल्यांचं हे स्मारक आहे?

असं सरसकट सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. काबूलच्या माघारीत कामी आलेली फौज मुख्यतः बंगालची होती. मुंबईच्या फौजेची माणसं जास्त करून सिंध, त्याच्या उत्तरेचं कच्छीचं मैदान, बलुचिस्तान या पट्ट्यात मेली. रसद पोचवताना, खिंडी सांभाळताना, तापाने, पटकीने, उन्हाने, तहानेने. चर्चमधल्या कोरीव मजकुरातही 'आजाराने किंवा तलवारीने' असा शब्दक्रम आहे, आणि आजार आधी येतो. मला त्या एका क्रमात मोहिमेचं खरं वर्णन दिसतं.

भिंतींवर कुणाची नावं आहेत?

अधिकाऱ्यांची. वेदीकडचा जो खोलगट भाग असतो, ज्याला चॅन्सल म्हणतात, त्याच्या भिंतींवर ती कोरली आहेत. मजकुराचा आशय असा: ज्या अधिकाऱ्यांची नावं या भिंतींवर लिहिली आहेत त्यांच्या स्मरणार्थ, आणि ज्या हवालदार-शिपायांची संख्या इतकी मोठी आहे की नावं लिहिणं शक्य नाही त्यांच्याही स्मरणार्थ, हे चर्च बांधलं.

या ओळीपाशी मी नेहमी थांबते. फिरायला आलेल्यांनाही थांबवते. संख्या मोठी म्हणून नावं नाहीत, हे त्या काळाच्या रीतीला धरून होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या स्मारकांवरही साध्या शिपायाचं नाव क्वचित दिसतं. प्रत्येक मृत सैनिकाचं नाव कोरायची पद्धत पहिल्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरली. इंग्रज शिपायाचंही नाव इथे नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

पण मुंबईच्या फौजेत इंग्रज पलटणी थोड्या आणि देशी पलटणी जास्त होत्या. म्हणजे जी माणसं 'लिहिता येणार नाहीत इतकी' होती, त्यांच्यात आपल्या गावांतली माणसं मोठ्या संख्येने होती. मजकुरात त्यांचा वेगळा उल्लेख नाही. वगळलेलंही नाही. ती 'शिपाई' या एका शब्दात आहेत, असं मी धरून चालते आणि येणाऱ्यांना तसंच सांगते.

खरंच मराठी माणसं त्या मोहिमेत होती?

होती, आणि हा प्रश्न विचारला गेला की मला फार बरं वाटतं.

मुंबईच्या फौजेची भरती त्या काळी कोकण आणि देशावर मोठ्या प्रमाणात व्हायची. रत्नागिरीकडचे मराठे, महार, शिवाय उत्तर हिंदुस्थानातून आलेले, ज्यांना 'परदेशी' म्हणत, ते शिपाई. महारांची भरती तर कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांपासून होत होती, ती १८९०च्या दशकात बंद झाली. दापोलीला पेन्शनर शिपायांची वस्ती होती. 'दापोली कॅम्प' हे नाव त्या लष्करी दिवसांतलं आहे.

आता कहानची गोष्ट. कहान ही बलुचिस्तानातल्या मरी डोंगरांमधली एक छोटी गढी. १८४०च्या मे महिन्यात कॅप्टन लुइस ब्राउन यांच्याबरोबर पाचव्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीची, म्हणजे देशी पायदळाची, तुकडी तिथे पोचली. रसदेचे उंट परत न्यायला निघालेली लेफ्टनंट क्लार्क यांची टोळी काही दिवसांतच मरी टोळीवाल्यांनी गाठली. क्लार्क आणि त्यांच्याबरोबरचे बहुतेक शिपाई मारले गेले. गढीत उरलेल्यांना वेढा पडला. ऑगस्टच्या अखेरीस मेजर क्लिबॉर्न मदतीला निघाले, पण नफुस्क खिंडीत त्यांची फौज अडली. दीडशेहून अधिक माणसं पडली. पाण्याचा थेंब नव्हता, रसद टाकून मागे फिरावं लागलं. गढीतल्यांना आता कुणी येणार नव्हतं. तरी ते सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत टिकले आणि मरींचा सरदार दोदा याच्याशी बोलणी करून तोफेसकट बाहेर पडले.

त्या पलटणीला या काळातल्या कामगिरीबद्दल 'लाइट इन्फन्ट्री' ही उपाधी मिळाली. पुढे नाव बदलत बदलत ती १०५वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. आज ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन आहे आणि जवान तिला 'काळी पाचवी' म्हणतात. बेळगावच्या रेजिमेंटशी नातं असलेलं कुणी घरात असेल तर त्यांना विचारा, हे नाव त्यांना माहीत असतं. कुलाब्याच्या या चर्चशी आपल्या पलटणीचं काही नातं आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

बांधकामाला एवढी वर्षं का लागली?

पैसे. वर्गणी गोळा करून, सरकारकडून जमीन मिळवून काम करायचं होतं. आधी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या स्थापत्यप्रेमी मंडळाकडून आराखडा आला, तो देखणा होता पण खर्चात बसेना. मग मुंबईचे इंजिनियर हेन्री कोनीबेअर यांचा आराखडा घेतला. काम १८४०च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं, चर्च उपासनेसाठी अर्पण झालं ७ जानेवारी १८५८ला, मुंबईचे दुसरे बिशप जॉन हार्डिंग यांच्या हस्ते. तेव्हाही मनोरा अपुराच होता. तो पुरा व्हायला १८६५चा जून उजाडला.

कोनीबेअर यांचं नाव मुंबईकरांनी आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावं. विहार तलावाची योजना त्यांची. त्याआधी मुंबई विहिरी आणि टाक्यांच्या पाण्यावर जगत होती. १८६०मध्ये विहारचं पाणी नळाने शहरात आलं.

१८५८ म्हणजे सत्तावनच्या उठावाचा काळ. त्याचा काही संबंध?

बांधकामाशी नाही, पण त्या दिवसाच्या वातावरणाशी नक्कीच आहे. १५ ऑक्टोबर १८५७ला एस्प्लनेडच्या मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन देशी शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं होतं. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोवर कुलाब्यात सैनिकांच्या स्मरणाचं हे मंदिर उघडलं. उत्तरेत लढाई अजून चालू होती. एका फौजेतले शिपाई एका ठिकाणी बिननावाने स्मरले जात होते आणि दुसऱ्या ठिकाणी बंडखोर म्हणून मारले जात होते. शाळेच्या मुलांना मी या दोन तारखा जोडूनच सांगते. मुलं बराच वेळ गप्प होतात.

मनोरा इतका उंच कशासाठी?

समुद्रासाठी. जमीन देताना सरकारने अट घातली होती की मनोरा उंच हवा, बंदरात शिरणाऱ्या जहाजांना दुरून ओळखू यावा. १९८ फूट उंचीचा तो निमुळता मनोरा त्या काळी कुलाब्याच्या सखल जमिनीवर एकटाच उभा दिसत असणार. आज आजूबाजूच्या झाडांत आणि इमारतींत तो एकदम समोर येतो.

मनोऱ्याचे पैसे अपुरे पडले तेव्हा पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी ७,५०० रुपये दिले. एका पारशी गृहस्थाने ख्रिस्ती युद्धस्मारकाच्या मनोऱ्याला हातभार लावावा, ही त्या काळच्या मुंबईची खरी ओळख आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकला जात होता आणि शहरात पैसा खेळत होता. मनोरा जूनमध्ये पुरा झाला आणि १ जुलै १८६५ला शेअरचे वायदे कोसळून निम्मी मुंबई बुडाली. महिनाभर उशीर झाला असता तर काय झालं असतं, कोण जाणे.

आत काय बघावं?

आधी दारातच थोडं थांबा. बाहेरच्या उन्हातून आलेले डोळे अंधाराला सरावू द्या. मग मधलं लांब दालन, दोन्ही बाजूंच्या पडव्या आणि त्यांच्यामधल्या टोकदार कमानी हळूहळू दिसू लागतात. शैली तेराव्या शतकातल्या इंग्लिश गॉथिकची. हिंदुस्थानात गॉथिक पुनरुज्जीवनाच्या शिस्तीने बांधलेल्या पहिल्या चर्चमध्ये याची गणना होते. व्हीटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर हे सगळं नंतरचं. मुंबईच्या ज्या गॉथिक इमारतींचं आज जगभर कौतुक होतं, त्यांच्या रांगेत वयाने हे चर्च थोरलं आहे.

फरशी बघा. भौमितिक नक्षीच्या त्या लाद्या इंग्लंडहून आल्या. आतली सजावट विल्यम बटरफील्ड यांची, लंडनच्या मार्गारेट स्ट्रीटवरचं ऑल सेंट्स चर्च ज्यांनी बांधलं तेच हे. पूर्व आणि पश्चिमेच्या रंगीत काचांच्या खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या. त्यांचा रंग बघायचा असेल तर वेळ पाळा. पूर्वेकडची खिडकी सकाळी, पश्चिमेची उतरत्या उन्हात. भर दुपारी आलात तर दोन्ही फिक्या वाटतील आणि मग तुम्ही म्हणाल की एवढं काय आहे.

बाहेरून दगड पिवळसर, बेसॉल्ट आणि चुनखडीचा. पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्याने त्याची फार झीज होते.

मनोऱ्यात घंटा आहेत का?

मनोऱ्यात आठ मोठ्या घंटा आहेत, १९०४मध्ये इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेलर कारखान्यातून आलेल्या. पश्चिम भारतातला हा सर्वांत चांगला संच मानला जातो. इंग्लंडमध्ये अशा घंटा एका सुरावटीत नव्हे, तर क्रम बदलत वाजवतात. प्रत्येक घंटेला एक माणूस, एक दोर, आणि मोजणी पक्की लागते. लेझीम किंवा ढोलपथकात ज्यांनी मोजून पावलं टाकली आहेत, त्यांना ही गोष्ट लगेच समजते.

हे फक्त स्मारक होतं की रोजचं चर्च?

दोन्ही, आणि माझ्या मते दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. कुलाबा हे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कँटोन्मेंट होतं. १८३८ला कुलाबा बेट मुंबईला जोडणारा कॉजवे पुरा होईपर्यंत मुंबईहून इथे यायचं तर ओहोटीची वाट बघायची किंवा होडी करायची. मूळ वस्ती कोळ्यांची, कुलाबा हे नावही त्यांच्यावरूनच आलं असं मानतात. त्यात बराकी, वेधशाळा, दीपगृह, कापसाची मैदानं अशी भर पडत गेली. या सगळ्यांच्या मधोमध हे चर्च.

रविवारी पलटणी रांगेने उपासनेला यायच्या. चॅप्लिनचा, म्हणजे इथल्या धर्मगुरूचा, पगार सरकारी तिजोरीतून व्हायचा. पण मंडळी म्हणजे नुसते सैनिक नव्हेत. बराकीतल्या बायका, इथे जन्मलेली मुलं, गोदीतले आणि रेल्वेतले कामगार, कारकून. इथे बाप्तिस्मे झाले, लग्नं लागली. आणि दफनाच्या प्रार्थना तर फारच झाल्या, कारण एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत पटकी, ताप आणि १८९६नंतर प्लेग यांनी कुणाला सोडलं नाही. युद्धाच्या स्मारकात रोज नव्या घरगुती दुःखांची भर पडत होती.

१९४७नंतर इंग्रज पलटणी गेल्या. अनेकांना वाटतं की तिथे चर्चची गोष्ट संपली. संपली नाही. बाक रिकामे झाले, मग पुन्हा भरू लागले. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या प्रोटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं आणि हे चर्च त्याच्या मुंबई धर्मप्रांतात आलं. आजूबाजूच्या भारतीय ख्रिस्ती कुटुंबांचं ते आता आपलं चर्च आहे.

हे युनेस्कोच्या यादीत आहे का?

नाही. २०१८मध्ये यादीत आलेला भाग ओव्हल मैदानाभोवतीचा आहे.

आत जाता येतं का? काय पाळावं?

येतं. कॅप्टन प्रकाश पेठे मार्गावर, नेव्ही नगरच्या वाटेवर आहे. बेस्टच्या थांब्याचं नावच अफगाण चर्च आहे. अलीकडच्या वर्षांत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या पुढाकाराने दुरुस्तीचं मोठं काम झालं, त्यामुळे पूर्वी पाहिलं असेल तर पुन्हा बघा. रविवारी सकाळी उपासना असते. तेव्हा गेलात तर मागच्या बाकावर शांत बसा, फोटोसाठी वेदीपर्यंत जाऊ नका. आसपास नौदलाचा भाग आहे, बाहेर कॅमेरा कुठे रोखायचा याचं भान ठेवा.

आमच्या घराण्यातलं लग्न इथे लागलं होतं. नोंद मिळेल?

मिळण्याची चांगली शक्यता आहे. त्या काळच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या नकला दर वर्षी लंडनला पाठवल्या जात. मुंबई इलाख्याच्या त्या नकला ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. साल आणि आडनाव हाताशी असेल तर शोध सोपा होतो. आडनावांचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून बघा, चॅप्लिन कानाला ऐकू येईल तसं लिहीत.

माझे खापरपणजोबा पलटणीत होते आणि अफगाणिस्तानात गेले होते असं घरात सांगतात. त्यांचं नाव कुठे शोधू?

चर्चच्या भिंतीवर ते सापडणार नाही, नोंदवह्यांतही नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार हे सुरुवातीला चांगलं ठिकाण. लष्करी खात्याची जुनी दप्तरं तिथे आहेत. पलटणीचा क्रमांक माहीत असेल तर अर्धं काम झालं. गझनीच्या वेढ्यात एकोणिसावी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री होती, कहानला पाचवी.

पण दप्तराआधी घरातली जुनी पेटी उघडा. गझनीच्या लढाईत असलेल्या सगळ्यांना, गोऱ्यांना आणि देशी शिपायांना सारखंच, एक चांदीचं पदक मिळालं होतं. एका बाजूला किल्ल्याचा दरवाजा आणि 'गझनी' हे इंग्रजी अक्षरांत. दुसऱ्या बाजूला २३ जुलै १८३९ ही तारीख. पदकावर नाव घालून दिलं नव्हतं, ते ज्याचं त्याने सोनाराकडून कोरून घ्यायचं होतं. त्यासाठी तारखेच्या बाजूला थोडी जागा कोरी सोडलेली असते. असं पदक घरात निघालं तर आधी ती जागा बघा.